घेरा जवळचाच बरा

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर शिकाऊ वैमानिक हलक्या विमानांतून सर्किटचा सराव करतात. उड्डाण घ्यायचे, धावपट्टीला समांतर उलट दिशेने यायचे आणि दोन वळणे घेऊन उतरायचे, असा हा आयताकृती घेरा. तो जितका रुंद तितका सुरक्षित, कारण विचाराला वेळ मिळतो आणि वळणे सौम्य राहतात, असे मानणारे पुष्कळ आहेत. हे मत हिशेबाला टिकत नाही. सर्किटची प्रचलित उंची जमिनीपासून सुमारे १,००० फूट. इंजिन बंद पडलेले एक-इंजिनी हलके विमान उंचीच्या साधारण नऊपट अंतर तरंगते. म्हणजे वारा नसताना, सरळ रेषेत, जेमतेम पावणेतीन किलोमीटर. दीड सागरी मैलांवरून उडणाऱ्याची सगळी पुंजी धावपट्टी गाठण्यातच संपते. वळणासाठी काही उरत नाही. पाऊण मैलावर असणाऱ्याची निम्मी उंची हाताशी राहते.

इंजिने आता क्वचितच बंद पडतात, हा पहिला आक्षेप. खरे आहे, पण जवळ राहायला काहीच खर्च येत नसताना तो क्वचितचा धोका तरी का पत्करावा? बिरसीपासून इटियाडोहपर्यंत हा जिल्हा धानाच्या बांध्यांचा, तलावांचा आणि जंगलाचा आहे. पावसाळ्यात चिखलाने भरलेली बांधी धावपट्टीची जागा घेऊ शकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अरुंद घेऱ्यात शेवटचे वळण चुकते, वैमानिक विमान जास्त कलवतो आणि ते स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल हरपते. समतल वळणात ४५ अंश कललेल्या विमानाचा स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांवर ४१ टक्क्यांनी. त्यामुळे ही भीती अनाठायी नाही. मात्र ९० नॉट वेगाने ३० अंश कलून घेतलेल्या अर्धवर्तुळाला सुमारे ७६० मीटर पुरतात आणि पाऊण सागरी मैल म्हणजे जवळपास १,४०० मीटर. वळण चुकते ते वाऱ्याचा अंदाज न घेतल्याने, आणि ते रुंद घेऱ्यातही चुकते. त्यावर उपाय एकच: उतरणे सोडून पुन्हा वर जाणे.

उद्या मोठी जेट चालवायची, मग आजच रुंद घेऱ्याची सवय हवी, हा युक्तिवादही लंगडा आहे. जेटचा वेग जास्त म्हणून त्याचा घेरा मोठा. हलक्या विमानाने तो उसना घेण्याचे कारण नाही. सर्किटमध्ये अनेक विमाने असली की अंतर राखण्यासाठी घेरा वाढवावा लागतो, हा गर्दीचा मुद्दा मात्र मान्य करावा लागतो. पण पुढच्याने घेरा वाढवला की मागच्यांनाही वाढवावा लागतो, शिवाय जिथे कुणी शोधत नाही तिथे विमान जाते. अंतर राखायचे तर आधीच वेग कमी करावा किंवा उड्डाणानंतरचे पहिले वळण उशिरा घ्यावे. अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाची पुस्तिकाही अर्धा ते एक मैल हेच अंतर सांगते. म्हणून प्रशिक्षकाने विद्यार्थ्याला एकच कसोटी द्यावी: समांतर उडताना इंजिन या क्षणी थांबले तर धावपट्टी गाठता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर घेरा रुंद झाला आहे.