रांग कशासाठी?

२०२५ च्या गणेशोत्सवातील ही गोष्ट. अनंत चतुर्दशीला दोनच दिवस उरले होते. पेठांमध्ये मानाच्या गणपतींपुढे दर्शनाच्या रांगा लागलेल्या असताना, ४ सप्टेंबरला शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोरेगाव पार्कातील एका मॉलमध्ये निराळीच रांग लागली होती. अॅपल या अमेरिकी कंपनीचे पुण्यातील पहिले स्वतःचे दालन त्या दिवशी उघडले. तेही दुपारी एक वाजता, म्हणजे ज्या वेळी दुकान बंद करून वामकुक्षी घेण्याची या शहराची ख्याती, त्या वेळी. उद्घाटनापूर्वी दालनाभोवती उभारलेल्या आडोशावर मोरपिसाऱ्याचे देखणे चित्र रंगवले होते. आपला राष्ट्रीय पक्षी कंपनीने आवर्जून निवडला होता. ग्राहकाच्या मनाचा असा अभ्यास आपल्या व्यापाऱ्यांनी कधी केला असता तर!

तोपर्यंत पुण्यात हा फोन मिळत नव्हता, असे मुळीच नाही. तोच फोन, त्याच कंपनीचा, शहरातील कितीतरी दुकानांत वर्षानुवर्षे मिळत होता. तरीही माणसे रांगेत उभी राहिली, आत शिरताना टाळ्या पडल्या, छायाचित्रे काढली गेली. घरी परतलेल्या नातवाला आजोबांनी सहज विचारावे, “त्या दुकानात विशेष काय आहे रे?” आणि नातवाने आजोबांकडे दयेने पाहावे, असा प्रसंग त्या आठवड्यात काही घरांतून घडला असल्यास नवल नाही. आजोबांच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. उलट असा प्रश्न पडणे हेच मागासलेपणाचे लक्षण ठरते.

या प्रसंगाला आणखी एक पार्श्वभूमी होती. त्याआधी आठच दिवस, २७ ऑगस्टला, म्हणजे ऐन गणेश चतुर्थीला, भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लादण्याचा अमेरिकेचा निर्णय अमलात आला होता. तिरुपूरचे कपडे, सुरतचे हिरे, आंध्रची कोळंबी यांच्यावर कुऱ्हाड कोसळली. त्यातून स्मार्टफोन मात्र वगळलेले होते. देशाचे पंतप्रधान स्वदेशीचे आवाहन करीत होते आणि स्वदेशीची पहिली होळी ज्या शहराने पाहिली, त्या शहरात टाळ्या कोणासाठी वाजत होत्या, हे वाचकांना निराळे सांगायला नको.

वस्तूपुढे प्रश्नचिन्ह उभे करण्याची सवय पुण्याला कोणी शिकवली, हे आठवून पाहावे. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारात हातकताईच्या खादीच्या वेषात गेले. त्या झगमगाटात त्यांचे हसे झाले असेलही. काकांनी त्याची पर्वा केली नाही. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी लकडी पुलापलीकडे विदेशी कपड्यांची होळी पेटली. लोकमान्य टिळक आणि ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे तेथे उपस्थित होते. होळी पेटवण्यात पुढाकार घेणाऱ्या विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला फर्ग्युसन महाविद्यालयाने दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. त्या दिवशी जळालेले कापड चांगले, तलम आणि स्वस्तही होते. ते वाईट आहे, असे कोणीच म्हटले नव्हते. आपण ते का घेतो, एवढाच सवाल होता. त्यानंतरचे काम अधिक कष्टाचे होते. अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार एकेक पैसा गोळा करून पैसाफंड उभारला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. होळीचे स्मरण सर्वांना असते, कारखान्याचे फार थोड्यांना, हा आपल्या स्मरणशक्तीचा दोष आहे.

बाजाराचे आजचे तंत्र या प्रश्नालाच मारून टाकण्यावर उभे आहे. वस्तू तयार होण्याआधी तिची वदंता सोडायची, मग तारीख जाहीर करायची, पहिल्या दिवशी माल बेताचाच ठेवायचा, म्हणजे रांग आपोआप लागते. आणि रांगेची चित्रे हीच पुढली जाहिरात. १९ सप्टेंबर २०२५ ला नव्या फोनची विक्री सुरू झाली, तेव्हा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अॅपलच्या दालनाबाहेर रांगेतच धक्काबुक्की झाली आणि सुरक्षारक्षकांना मध्ये पडावे लागले. ही झुंबड रेशनच्या रॉकेलसाठी नव्हती. त्या फोनचे साधे रूप ८२,९०० रुपयांचे होते आणि सर्वांत मोठे १,४९,९०० रुपयांपासून पुढे. तोच फोन आठवड्याभराने घरबसल्या मिळाला असता. पण मग तो पहिल्या दिवशी मिळवल्याचे सांगता आले नसते! हप्त्याची सोय असल्याने, ज्याला ही रक्कम परवडत नाही तोही रांगेत येतो. वर्षभराचे हप्ते फिटत आले की पुढचा फोन बाजारात आलेला असतो.

व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच दिखाऊ उपभोगाची चिकित्सा करून ठेवली आहे. पण आपल्याला इतके दूर जाण्याचे कारण नाही. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनाची चार व्याख्याने दिली, त्यांत हे सूत्र आले आहे. गरज होती म्हणून उत्पादन, हा क्रम उलटला. आता उत्पादन झाले आहे म्हणून गरज निर्माण केली जाते, असा त्यांचा आशय होता. त्या वेळी देशात दूरचित्रवाणीही नावापुरतीच होती. मोबाईलच्या पडद्यावर दर मिनिटाला नवी गरज जन्माला घालणारी यंत्रणा दीनदयाळजींनी पाहिली असती, तर त्यांनी आणखी कठोर शब्द वापरले असते.

येथे आपल्यातील पुष्कळांना एक सोयीचे उत्तर सुचेल : विदेशी टाळा, देशी घ्या, प्रश्न मिटला. तो तसा मिटत नाही. टाटा समूहाने २०२३ मध्ये कर्नाटकातील विस्ट्रॉनचा कारखाना घेतला, तेव्हापासून हेच अमेरिकी फोन एक भारतीय उद्योगसमूहही जोडतो आहे. स्टारबक्सची कॉफी २०१२ मध्ये मुंबईत आणि २०१३ मध्ये पुण्यात आली, तीही टाटांच्या निम्म्या भागीदारीत. कोडगूच्या मळ्यांतील बी सिएटलचे बोधचिन्ह लावून आपल्यापुढे येते आणि आपण अडीच-तीनशे रुपये मोजून कागदी पेल्यावर आपले नाव लिहून घेतो. ‘झुडिओ’ तर पूर्णतः टाटांच्याच ट्रेंट कंपनीचे. तेथील कपडे स्वस्त आहेत, हे मान्य. परंतु कपाटात आठ शर्ट असताना नववा ‘एवढा स्वस्त मिळाला म्हणून’ घेणारे कुटुंब स्वदेशी झाले, असे म्हणता येईल काय? मालकी देशी असावी, हा आग्रह योग्यच आहे; पण हाव विदेशीच राहिली तर नुसत्या मालकीने काय साधणार?

आणि बोट केवळ इतरांकडे दाखवून चालणार नाही. गलवाननंतर, २०२० च्या दिवाळीत, चिनी दिव्यांच्या माळा घेऊ नका म्हणून ज्या घरांतून पत्रके वाटली गेली, त्यांतील काही घरांत २०२५ मध्ये ‘लाबुबू’ नावाची दातविचकी बाहुली मुलींच्या दप्तराला लटकू लागली. बीजिंगच्या पॉप मार्ट कंपनीचे हे अपत्य. बंद खोक्यात आत कोणती बाहुली आहे हे कळत नाही, म्हणून एकामागून एक खोकी घ्यायची. म्हणजे खेळणे कमी आणि सोडत अधिक. अस्सल मिळेना म्हणून नकली घेतली, तीही बहुधा चिनीच! पालकांना विचारावे तर उत्तर ठरलेले : “सगळ्यांकडे आहे, हिच्याकडेच नसेल तर कसे?” पूर्वी ज्या वयात तुळशीबागेतून भातुकली येई, त्या वयातील मुलीला आपण सोडत खेळायला शिकवतो आहोत.

यावर कोणी विचारील की, पुणेकर चितळ्यांच्या दुकानासमोरही रांग लावतात, तिचे काय? प्रश्न रास्त आहे. चितळे बंधूंचे पुण्यातील दुकान १९५० चे. बाकरवडी नंतर कित्येक वर्षांनी आली. ती लोकांनी खाल्ली, आवडली, पाहुण्यांना बांधून दिली आणि त्यातून रांग लागली. बाकरवडी चाखण्यापूर्वी तिचा जयजयकार करायला कोणी सांगितले नव्हते. बेत बिघडला तर हीच रांग एका सणात ओसरेल, हे मालक जाणतो. तरीही मुलुखात दुसरी बाकरवडीच नाही, असा जो काहींचा आविर्भाव असतो, त्याचीही थोडी चेष्टा व्हायला हरकत नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची ती प्रसिद्ध प्रथा २०१७ मध्ये चितळ्यांनी स्वतःच मोडली, हे मात्र त्यांच्या शहाणपणाचे लक्षण.

कारण दोषाचा मोठा वाटा आपल्या व्यापाऱ्यांकडेही जातो. नव्या दालनात कोणीही शिरावे, वस्तू हाताळावी, तासभर बसावे आणि काही न घेता बाहेर पडावे. कोणी हटकत नाही. पेठेतील दुकानात गिऱ्हाईकाने दोन साड्या अधिक उलगडायला सांगितल्या की, ‘घ्यायची आहे ना नक्की?’ असे विचारले जाते. एकविसाव्या वर्षी पहिला पगार खिशात घेऊन निघालेल्या मुलाला मान हवा असतो. तो त्याला कोठे मिळतो? कसबा पेठेतील तांबट आळीत मठारकाम करून तांब्याच्या पत्र्याला शेकडो ठोक्यांनी आकार दिला जातो. ते भांडे पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पण ते कोणी घडवले, कसे घडवले, याची कथा गिऱ्हाइकाला सांगणारे किती दुकानदार आहेत? कंपन्या नसलेल्या कथा रचतात आणि आपण असलेल्या कथा गिळून बसतो.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण ताजे आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने हुबेहूब कोल्हापुरी घाटाच्या चपला सादर केल्या, त्याही कोल्हापूरचे नाव न घेता. २०१९ मध्येच या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेले होते. महाराष्ट्र चेंबरने जाब विचारला, तेव्हा कंपनीने मूळ मान्य केले, तिची माणसे कोल्हापुरात येऊन गेली आणि डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड, प्रत्येकाची किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्याही वर. जाब विचारला म्हणून हे घडले, याचे समाधान जरूर मानावे.

मात्र त्या वादात तावातावाने बोलणाऱ्या मंडळींपैकी कितीजणांच्या पायांत कोल्हापुरी होती? हजार-दोन हजारांना मिळणारी ती चपल लग्नातील झब्ब्यापुरती उरली होती. कातडे कमावणारा, वेण्या विणणारा चर्मकार हा आपल्याच समाजाचा घटक आहे, समरसतेच्या प्रत्येक बौद्धिकात त्याचा उल्लेख होतो. त्याच्या मुलाने हा धंदा का सोडला, याचे उत्तर मिलानमध्ये सापडणार नाही. मिलानने वाखाणल्यावर पुण्यातील काही घरांत कोल्हापुरीची चौकशी सुरू झाली. त्या चौकशीचे तरी खरेदीत रूपांतर व्हावे. लक्ष्मी रस्त्यावरील दुकानांत जोड टांगलेले आहेत, आणि तेथे अद्याप रांग नाही.