आडात नाही ते तबकडीत कोठून येणार?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राविषयी का लिहावे, असे कुणी विचारील. परंतु गाणे ही आपल्याच शाखेची वस्तू आहे. मग ते कशात साठवले जाते, हेही आपल्याला ठाऊक हवे, असे माझे मत आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे बाळकुममध्ये ‘सीडी राइट करून दे’ असे बोलावणे हमखास मला येते. तक्रार एकच : फोनवर वाजणारे गाणे सीडीवर घेतले, पण जुना प्लेअर ते वाचत नाही.

कारण साधे आहे. फिलिप्स व सोनी यांची सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यात सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला आवाज असतो आणि तो ऐंशी मिनिटांपर्यंत मावतो. आपण एमपीथ्री फाइली नुसत्या उतरवल्या, की शंभरावर गाणी बसतात खरी, पण ती झाली ‘डेटा सीडी’. जुन्या यंत्राला ती भाषाच येत नाही. म्हणून प्रोग्रॅममध्ये ‘ऑडिओ सीडी’ निवडावी, तो फाइल घेत नसेल तर आधी तिचे वेव्ह करावे, वेग कमी ठेवावा आणि शेवटी तबकडी ‘फायनलाइझ’ करावी.

इथवर कोणीही शिकेल. खरी गोम पुढे आहे. कानाला जाणवणार नाही असे मानलेला भाग एमपीथ्री टाकून देते. १२८ किलोबिटची फाइल सीडीवरील आवाजाच्या सुमारे अकराव्या हिश्शाची असते. तिचे पुन्हा वेव्ह केले, तर फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

माझ्या आजीला अक्षर येत नाही, पण आगरी लग्नातले धवले तिला मुखोद्गत आहेत. असे गळे आता थोडे उरले. त्यांचा आवाज व्हॉट्सअ‍ॅपच्या दाबलेल्या निरोपातच राहिला, तर पुढच्या पिढीला काय ऐकू येणार? हेमा राईरकर व गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या; बर्नार्ड बेल यांनी त्या बायांचे गळे ध्वनिमुद्रित केले. म्हणून तर २०१७ पासून ‘पारी’वर त्या ओव्या मूळ आवाजात ऐकता येतात.

कुणी म्हणेल, सीडीचा जमानाच गेला. गेला असेल. कॅसेटही गेली, उद्या आजचा फोनही जाईल. म्हणूनच मूळ ध्वनिमुद्रण वेव्हमध्ये किंवा काहीही न गाळणाऱ्या फ्लॅकमध्ये ठेवावे आणि एमपीथ्री फक्त वाटण्यापुरते करावे.

प्राध्यापक मंडळींना विनंती एवढीच, की मराठी विभागाने दरवर्षी अशी दहा गाणी तरी गायिकेचे नाव, गाव व तारखेसह दोन ठिकाणी जपावीत. लोकसाहित्याचा पेपर आम्ही लिहूच. पण ज्यांच्यामुळे तो पेपर आहे, त्यांचा आवाजही कॉलेजात असावा.