पिल्लू मुलाचं, कुत्रा आईचा!

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, असा आदेश दिला आणि घराघरांत वादाला तोंड फुटलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लस झालेली कुत्री पुन्हा होती तिथेच सोडायची. रेबीज झालेली किंवा अंगावर धावून येणारी मात्र सोडायची नाहीत. रस्त्यात कुठेही खायला घालायचं नाही, त्यासाठी जागा ठरवून द्यायच्या. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री हटवण्याचा हुकूम आला. श्वानप्रेमी एकीकडे, लहान मुलांचे आईबाप दुसरीकडे, टीव्हीवर नुसती जुंपली होती.

या गदारोळात एक गोष्ट बाजूलाच राहिली. आपण ज्यांना ‘भटकी’ म्हणतो, त्यातली काही गळ्यात पट्टा घेऊनच रस्त्यावर आलेली असतात. कुणीतरी हौसेने आणलेली, मग नकोशी झालेली. आणि ही हौस पुष्कळदा मुलांच्या नावावर केलेली असते!

‘सारखा मोबाइलमध्ये असतो, पिल्लू आणलं तर जरा जबाबदारी कळेल, धीर धरायला शिकेल.’ मैत्रिणींनो, हे म्हणणं चुकीचं मुळीच नाही. पिल्लाला रिमोट नसतो. शू कुठे करायची हे त्याला दोन दिवसांत कळत नाही, महिने लागतात. हाक मारली तरी ते येत नाही. ओरडलं तर पलंगाखाली जाऊन बसतं आणि मग तासभर विनवण्या. दुखतंय कुठे, हे त्याला सांगता येत नाही, म्हणून रोज बघणाऱ्यालाच कळतं की आज हा जेवला नाही. परीक्षा असो की क्रिकेटची फायनल, त्याची भूक थांबत नाही. असं शिक्षण कुठल्या क्लासमध्ये मिळणार?

पण हे शिक्षण मिळतं कुणाला, हा खरा प्रश्न आहे. पहिले पंधरा दिवस मुलं पिल्लाला खाली ठेवत नाहीत. सोळाव्या दिवसापासून भाकरी-दूध, फरशी पुसणं, पहाटे बाहेर नेणं... सगळं आईकडे! मुलगी असेल तर ती निदान हाताखाली येते, मुलाला मात्र ‘राहू दे, अभ्यास आहे त्याचा’. म्हणजे जबाबदारी शिकवायला आणलेल्या प्राण्याने उलटाच धडा दिला : माझं काम कुणीतरी बाई करते.

जरा हिशेब मांडा. कुत्रा साधारण दहा-बारा वर्षं जगतो. चौथीतल्या मुलासाठी आणलेला कुत्रा तो दहावीला असताना सहा वर्षांचा होतो. मग मुलगा लातूरला, पुण्याला नाहीतर कोटाला जातो. कुत्रा घरीच असतो, आणि त्याची म्हातारपणाची दुखणी अजून यायचीच असतात. हे पिल्लू आणतानाच माहीत असायला हवं.

नाहीतर काय होतं, ते आपण बघतोच. ‘गावाबाहेरच्या ढाब्याजवळ सोडलं, तिथे खायला मिळतं.’ मुलाला सांगायचं, तो मजेत आहे. मूल गप्प बसतं, पण त्याला कळतं की अडचण झाली की आपल्यावर विसंबलेल्याला बाहेर सोडता येतं. हेच मूल घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या आजीकडेही बघत असतं. कायदा म्हणाल तर आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावर उपाशी-तहानलेलं तडफडेल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! इतक्यात आज एक प्लेट मिसळ जेमतेम येते.

आणायचंच ठरलं तर आपल्या हवेला मानवेल असं आणा. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग दिसला आणि गावोगावी पग आले. चपट्या नाकामुळे त्याला उन्हाळ्यात श्वास घ्यायला त्रास होतो, हे जाहिरातीत कोण सांगणार? बर्फातल्या हस्कीला विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात ठेवणं तर क्रूरपणाच. गल्लीतलं गावठी पिल्लू काटक असतं. विकत घेणार असाल तर आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, नंतर डॉक्टर सांगतील तसे डोस. (‘कुत्रा नको बाई, पोपट आणू’ म्हणत असाल, तर आपले देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.)

कामं वयाप्रमाणे द्या. सहा वर्षांच्याने पाण्याचं भांडं भरायचं. दहा वर्षांच्याने जेवण द्यायचं, लसीची तारीख कॅलेंडरवर लिहायची. मोठ्या कुत्र्याची साखळी मात्र लहान मुलाच्या हातात एकट्याने देऊ नका. एखादं काम राहिलं तर लगेच उठून करू नका. त्यालाच हाक मारा, खेळ थांबवून येऊ दे. आणि चावलं, ओरखडलं, तर लपवायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. ‘कुत्रा काढून टाकतील’ या धाकाने मुलं लपवतात आणि रेबीज एकदा झाला की जवळजवळ वाचवता येत नाही. घरचा कुत्रा असला तरी जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही. लगेच दवाखाना गाठायचा आणि इंजेक्शनं सांगितली तेवढी सगळी घ्यायची.

मूल तयार आहे का, हे आधी बघायचं असेल तर सोपी युक्ती आहे. होळीनंतर गच्चीवर किंवा अंगणात पाखरांसाठी पाण्याचं भांडं ठेवा. रोज घासायचं, भरायचं, पाऊस पडेपर्यंत, आणि तुम्ही आठवण करायची नाही. एप्रिलअखेर भांडं कोरडं दिसायला लागलं, तर पिल्लाचा विषय पुढच्या वर्षी.