सीडी चालत नाही? आधी एवढे करून पाहा

लग्नाचे चित्रीकरण, बाळाचे बारसे, आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन... काही वर्षांपूर्वीपर्यंत हे सारे सोहळे सीडी-डीव्हीडीवर उतरवून घेण्याची पद्धत होती. नोकरीनिमित्त बेंगळूरुजवळ देवनहळ्ळीला संसार थाटलेल्या मराठी घरातही अशा सीडी कपाटात जपलेल्या असतात. पण एखाद्या दिवशी आजोबांचा आवाज ऐकावासा वाटतो आणि नेमका तेव्हाच जुना लॅपटॉप रुसतो. दुरुस्तीसाठी बेंगळूरुचा एस. पी. रोड गाठायचा, तर सुमारे ४० किलोमीटरचा प्रवास. तेव्हा आधी घरीच थोडी तपासणी करावी.

दोष कुणाचा? दोन-तीन वेगळ्या सीडी लावून पाहा. एकच चालत नसेल, तर दोष त्या सीडीचा. सगळ्या सीडी चालतात, पण डीव्हीडी एकही चालत नाही, असेही होते. सीडी आणि डीव्हीडी वाचणारे लेसर किरण वेगवेगळे असतात. त्यांपैकी एक क्षीण झाला असेल, तर ड्राइव्ह बदलणेच बरे.

सीडी नीट बसली का? लॅपटॉपच्या ट्रेमध्ये सीडी नुसती ठेवून चालत नाही. मधल्या चकतीवर 'टक्' असा आवाज येईपर्यंत ती हलकेच दाबावी.

सीडी पुसताना मऊ सुती कापड घ्या. मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नको. सीडीच्या छापील बाजूलाही जपा. माहितीचा थर त्या बाजूच्या अगदी खालीच असतो. तिथे बॉलपेनने लिहू नका, चिकटपट्टी लावू नका.

भिंगावरची धूळ : २००८ मध्ये विमानतळ सुरू झाल्यापासून देवनहळ्ळी परिसरात बांधकामे वाढली. धूळ घरात येतेच. बहुतेक लॅपटॉपमध्ये ट्रे उघडला की छोटे भिंग समोर दिसते. लॅपटॉप बंद करा आणि कॅमेरा साफ करण्याच्या रबरी पंपाने त्यावर हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. एवढ्याने भागले नाही, तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जेमतेम ओलावा देऊन भिंगावरून अलगद फिरवा. जोर लावू नका.

ड्राइव्ह दिसतच नाही? विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिचे नाव शोधा. नाव असेल, तर 'अनइन्स्टॉल' करून लॅपटॉप पुन्हा सुरू करा, विंडोज तिला नव्याने ओळखते. नावच नसेल, तर आतली जोडणी सैल झाली असावी. ते काम मात्र कारागिराचे.

ट्रे अडकला तर लॅपटॉप बंद करा. ट्रेच्या दर्शनी बाजूला बारीक छिद्र असते. त्यात सरळ केलेली कागदाची पिन हळूच दाबा. ट्रे थोडा बाहेर येईल.

सारे उपाय थकले, तर यूएसबीला जोडायची बाहेरची डीव्हीडी ड्राइव्ह मिळते. ती नव्या लॅपटॉपलाही चालते.

शेवटी महत्त्वाचे. घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या सीडीतील रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने विटत जातो. ड्राइव्ह दुरुस्त होईल, नवी मिळेल, पण विटलेली सीडी परत मिळणार नाही. म्हणून सीडी चालू झाली, की त्याच दिवशी तिची नक्कल लॅपटॉपवर आणि पेन ड्राइव्हवर उतरवा. आणखी एक प्रत गावी आत्याकडे पाठवा. आजोबांचा आवाज तिलाही ऐकायचा असेलच!