खोकला हे रोगाचे नाव नव्हे

"डॉक्टरसाहेब, आमच्या पॉमेरियनला दोन महिने झाले, खोकला जात नाही. लहान मुलांचे औषध अर्धा चमचा दिले तर चालेल का?" असे विचारणारे दवाखान्यात अधूनमधून येतात. पूर्वी मीही सहज "द्या" म्हणत असे. शेजारच्या एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तेच केले. बाटल्या संपल्या, खोकला वाढला. अखेर पशुवैद्यकांनी तपासले, तेव्हा हृदयाचा विकार निघाला. पण उशीर झाला होता. तेव्हापासून मी असा सल्ला देणे बंद केले.

खोकला हे लक्षण आहे. लहान जातीच्या कुत्र्यांत जुनाट खोकल्याची प्रमुख कारणे तीन. श्वासनलिकेची कूर्चेची कडी कमजोर होऊन नळी चपटी होते. अशा वेळी गळपट्टा ओढला किंवा कुत्रे आनंदाने नाचू लागले की बदकाच्या ओरडण्यासारखा ठसका लागतो. दुसरे, उतारवयात हृदयाची डावीकडील झडप झिजते. तिसरे, श्वासवाहिन्यांची जुनाट सूज.

ही कारणे नुसत्या आवाजावरून ओळखता येत नाहीत. हृदयात मर्मर ऐकू आली म्हणजे खोकला हृदयाचाच, असेही नाही; एकाच कुत्र्याला दोन्ही विकार असू शकतात. म्हणून छातीचा एक्स-रे हवा. श्वासनलिकेचा मानेतला भाग श्वास घेताना चपटा होतो, तर छातीतला भाग सोडताना. त्यामुळे एकच फोटो काढून भागत नाही.

घरी एवढे करावे. कुत्रे गाढ झोपले असता मिनिटाचे श्वास मोजावेत. ते वारंवार तीसच्या वर जात असतील, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना गाठावे. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा, वजन वाढू देऊ नये, विडी-अगरबत्तीच्या धुरापासून त्याला दूर ठेवावे. माणसांच्या सर्दी-खोकल्याच्या औषधांतील पॅरासिटामॉल, नाक मोकळे करणारी द्रव्ये आणि काहींत साखरेऐवजी घातलेले झायलिटॉल कुत्र्याला घातक ठरू शकते.

घरातल्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला की आपण थुंकी तपासून घेतो. मुक्या जनावराला कुठे दुखते ते सांगता येत नाही; त्याची तपासणी तर अधिकच काळजीपूर्वक व्हायला हवी. कुत्र्याच्या बिस्किटांवर खर्च करणाऱ्यांनी एक्स-रेच्या खर्चाला मागे-पुढे पाहू नये. आणि आम्हा माणसांच्या डॉक्टरांनी अशा वेळी औषधाची चिठ्ठी न लिहिता पशुवैद्यकांचा रस्ता दाखवावा.