पाहिलेला प्रयोग आणि केलेला प्रयोग

दरवर्षी २८ फेब्रुवारीस राष्ट्रीय विज्ञान दिन येतो आणि जळगाव-धुळ्याकडील शाळांतून प्रदर्शनांची धांदल उडते. थर्मोकोलच्या ज्वालामुखीतून सोडा व व्हिनेगर यांचा फेस उसळतो, पाहुणे टाळ्या वाजवितात, छायाचित्रे निघतात. आणि पुष्कळ ठिकाणी दुसरे दिवशी प्रयोगशाळेच्या दारास पुन्हा कुलूप लागते. ह्या उत्सवास आमचा विरोध नाही; परंतु ह्यासच विज्ञानशिक्षण म्हणावयाचे असेल, तर आमची त्यास सक्त हरकत आहे.

न्यायालयात ऐकीव गोष्ट सहसा पुरावा म्हणून चालत नाही. ज्याने स्वतः पाहिले त्याची साक्ष लागते. शाळांत मात्र उलटा न्याय! आम्ल म्हणजे काय हे मुलाने पुस्तकात वाचावे आणि परीक्षेत जसेच्या तसे परत करावे. वस्तुतः ह्या खटल्यातील सारे साक्षीदार घरच्या स्वयंपाकघरातच हजर आहेत. हळदीत चुन्याची निवळी पडली की ती लाल होते. लिंबू पिळले की पुन्हा पिवळी. पापडखारानेही तिचा रंग तसाच पालटतो. आमच्या आयाबहिणींनी पिढ्यान्पिढ्या हळदीचे कुंकू केले, ते ह्याच क्रियेने.

रावेर-यावलच्या मुलास तर केळीहून चांगली प्रयोगशाळा कोणती? एका डब्यात कच्च्या केळ्यांबरोबर एक पिकलेले केळे झाकून ठेवावे, दुसऱ्यात नुसती कच्ची ठेवावी, आणि रोज टिपण करावे. पिकत्या फळातून निघणारा इथिलीन वायू काय करतो, हे तो जन्मभर विसरणार नाही. मग कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांनी मनाई का केली, हेही तो आपणहून विचारील. असे प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक निपजणे सचोटीच्या व्यापाऱ्यास हितावहच आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, पैसा कोठून आणावा? त्यास श्री. अरविंद गुप्ता यांचे उदाहरण पुरे आहे. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झालेल्या ह्या गृहस्थांनी आगपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह-नळी, जुनी वर्तमानपत्रे असल्या टाकाऊ जिनसांतून शेकडो वैज्ञानिक खेळणी घडविली. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे ती मुलांकडूनच करवून घेतली. २०१८ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. तेव्हा अडचण द्रव्याची नसून इच्छेची आहे.

दुसरा आक्षेप धोक्याचा. तो खरा आहे. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडले की काही क्षणांत जाळ होतो; असला प्रयोग शिक्षकानेच करावा, मुलांनी दूर बसून पाहावा. परंतु एवढ्यावर थांबू नये. कारण नेमक्या ह्याच युक्तीने भोंदू बाबा मंत्राने होम पेटवून दाखवितात. १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर व त्यांचे सहकारी गावोगाव असल्या चमत्कारांची उकल करून दाखवीत. २०१३ साली त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. पण कायदा बाबास शिक्षा करील. फसणाऱ्यास शहाणा करणार नाही. ज्या मुलाने शाळेत जाळ पाहून केवळ टाळी वाजविली, तो उद्या बाबापुढे तोच जाळ पाहून हात जोडील. दोन्हीकडे तो प्रेक्षकच! ‘हे असे का झाले, आणि ग्लिसरीनऐवजी पाणी घातले तर काय होईल?’ असे ज्यास विचारावयास शिकविले, तोच वाचला.

वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ च्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या ५१-क कलमात लिहिले गेले. ते पाळावयाचे तर आमचे मागणे अगदी थोडे आहे. महापालिकांनी व शिक्षणसंस्थांनी आठवड्यास एक तास असा ठेवावा की ज्यात शिक्षक बोलणार नाही, मूल करील. व्यापारी मंडळींनी सत्काराच्या शाली-श्रीफळांतून थोडे वाचवून एकेका शाळेस परीक्षानळ्यांचे एकेक कपाट द्यावे. मात्र देतेवेळी एकच अट घालावी, की त्या कपाटास कुलूप लागणार नाही. फुटतील त्या नळ्या फुटोत. नळी नवी मिळते, मुलाची गेलेली जिज्ञासा मिळत नाही.