गाठ वाढली म्हणजे उपचार फसला असे नव्हे!

शिरपूर जैन (जि. वाशिम), प्रतिनिधी - तळपायावरचा काळा डाग काटा रुतल्याची खूण समजून दुर्लक्षिला जाऊ शकतो. मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग भारतात विरळा. परंतु तो येथे अनेकदा तळपायावर वा नखाखाली आढळतो. निदानापूर्वीच तो शरीरात पसरला असेल, तर इम्युनोथेरपीचा मोठा आधार असतो. मात्र, या उपचाराला मिळणारा प्रतिसाद जुन्या आडाख्यांत बसत नाही.

केमोथेरपी कर्करोगाच्या पेशींवर थेट हल्ला करते. गाठ वाढली, की औषध निष्प्रभ ठरले, असा सरळ हिशेब तेथे असतो. इम्युनोथेरपी रोगप्रतिकारशक्तीला लागलेला लगाम सोडवते. याच संशोधनासाठी जेम्स अ‍ॅलिसन व तासुकू होन्जो यांना २०१८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. काही रुग्णांत मात्र गाठ आधी मोठी दिसली आणि नंतर आकसली. लढणाऱ्या पेशी गाठीत शिरल्याने ती फुगलेली भासते. म्हणूनच २०१७ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार, प्रकृती स्थिर असल्यास चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून वाढीची खातरजमा केली जाते.

अर्थात, अशी भासमान वाढ थोड्याच रुग्णांत आढळते; बहुतेकांत वाढ खरीच असते. त्यामुळे घाईने उपचार सोडणे जितके घातक, तितकेच खोट्या आशेवर ते रेटणेही. दुष्परिणामही असेच अनपेक्षित. आतडे, फुफ्फुसे, यकृत वा थायरॉइड यांवर स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटू शकते. कधी औषध थांबवल्यानंतर काही महिन्यांनीही. अशा रुग्णाचे जुलाब गावच्या दवाखान्यात साधे समजले गेले, तर ते जिवावर बेतू शकते.

खर्चाच्या आघाडीवरील अनपेक्षित निष्कर्ष मात्र दिलासादायक आहे आणि तो मुंबईचा आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने डोके व मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. तोंडी औषधांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब अवघे २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या सुमारे ६ टक्के, देण्यात आले. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते मेलॅनोमाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण महागडे औषध कमी मात्रेतही गुण देऊ शकते, हे त्यांनी दाखवले.

तथापि, औषध स्वस्त झाले तरी प्रश्न संपत नाही. शिरपूरच्या रुग्णाला तज्ज्ञांसाठी २०० किलोमीटरहून अधिक दूरचे नागपूर गाठावे लागते. दुसऱ्या स्कॅनची फेरी चुकली, की निर्णय अंदाजाने होतो. जिल्हा रुग्णालयात स्कॅन व तपासण्यांची सोय, स्थानिक डॉक्टरांना दुष्परिणामांची माहिती आणि नागपूर-मुंबईच्या तज्ज्ञांशी थेट संपर्क, एवढी तजवीज झाली, तरच या उपचाराचा लाभ गावापर्यंत पोहोचेल.